शिडी कुणी धरायची

मित्रांनो, मी बारा फूट लांबीची, अकरा पायऱ्यांची जुनी लाकडी शिडी आहे. भूम तालुक्यातल्या मुलींच्या एका शाळेत, मागच्या भिंतीलगत दोन विटांवर मला आडवं ठेवलेलं असतं. शाळा पाचवी ते सातवीची. शिडीजवळ सांगण्यासारखं काय असणार, असं तुम्हाला वाटेल. पण माणसाचा एक अवयव मला चांगला ठाऊक आहे, तो म्हणजे तळपाय. माणूस घाबरला आहे की नाही, हे चेहऱ्यावरून प्रत्येक वेळी कळत नाही. तळपायावरून कळतं.

माझे उभे दांडे सागाचे आणि पायऱ्या बाभळीच्या. महांतप्पा मिस्त्रीने मला बनवलं. तो कर्नाटकाच्या सीमेलगतच्या उमरग्याकडचा, त्यामुळे पायऱ्या कानडीत मोजायचा. 'ओंदु, एरडु, मूरु' असं करत 'हन्नोंदु'ला, म्हणजे अकराला पोहोचला तेव्हा मी पुरी झाले. मग त्याने मला भिंतीला लावलं आणि खालपासून वरपर्यंत प्रत्येक पायरीवर तीन-तीनदा उडी मारली. "माझा भार पेलला," तो म्हणाला, "आता कुणाचाबी पेलंल." अंगावरून जवसाचं तेल फिरलं, त्याचा वास मला अजून आठवतो.

माझी पहिली अठरा वर्षं एका मोठ्या गावातल्या शाळेत गेली. तिथे मुलं आणि मुली एकत्र शिकत. ते दिवस वाईट नव्हते. झेंडावंदनाच्या पताका, वर्गातला बंद पडलेला पंखा, कौलांत अडकलेला चेंडू, सगळीकडे मीच लागायची. माझं कौतुकही व्हायचं. काम निघालं की गुरुजी हाक मारत, "चला रे, दोघं जण चढा. मुलींनो, तुम्ही शिडी धरा." त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे, मलासुद्धा नाही. शिडी धरणं हे जबाबदारीचं काम आहे. फरशीवर माझा पाय सरकला तर वरचा माणूस खाली येतो. मुली मला फार नीट धरायच्या. अठरा वर्षांत मी एकदाही सरकले नाही.

पण अठरा वर्षांत माझ्या पायऱ्यांना मुलींचे तळपाय जवळजवळ माहीतच झाले नाहीत. एक अपवाद आठवतो. निकिता नावाची सहावीतली मुलगी शाळा सुटल्यावर मागे राहिली, इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या दोन पायऱ्या चढली. तिसरीवर पाय ठेवणार तेवढ्यात कुणीतरी हाक मारली, "निकिता, काय करतीस गं तिथं?" ती उतरली, दप्तर उचललं आणि गेली. पुढे ती सातवी होऊन गेली. तिसऱ्या पायरीवर तिचा पाय कधी पडलाच नाही. मी तिची वाट पाहत असे, हे तिला कसं कळणार?

पुढे त्या शाळेला सिमेंटचा जिना झाला आणि मला इथे पाठवून दिलं. टेंपोतून उतरवलं तेव्हा मी सवयीने मुलांची वाट पाहू लागले. मुलं आलीच नाहीत. आठ मुली आल्या, चार इकडून, चार तिकडून. "एक, दोन, तीन, उचल!" असा आरडाओरडा करत त्यांनी मला मागच्या भिंतीशी नेलं. वाटेत दोघींचं भांडणही झालं, कुणी जास्त भार घेतला यावरून.

या शाळेची इमारत एकमजली आहे. छतावर हजार लिटरची काळी टाकी आहे आणि छतावर जायला जिना नाही. टाकीतलं पाणी मुलींच्या स्वच्छतागृहाला जातं. वीज ठरलेल्या वेळी येत नाही, म्हणून मोटार कधी लावायची हे ठरवायला टाकीत पाणी किती आहे ते रोज पाहावं लागतं. इथे मुलगेच नाहीत, तेव्हा पाहणार कोण? मुलीच. हे काही कुणी विचारपूर्वक ठरवलं नव्हतं. दुसरा उपाय नव्हता, एवढंच.

विज्ञानाच्या नूरुन्निसा मॅडमनी मात्र त्या कामाला शिस्त लावली. छताची कड दहा फुटांवर आहे, तेव्हा शिडीचा पाय भिंतीपासून त्याच्या चौथ्या हिश्श्याइतका, म्हणजे अडीच फूट दूर हवा. त्यांनी फरशीवर रंगाची रेघ मारून घेतली. जवळ ठेवली तर शिडी मागे कलंडते, दूर ठेवली तर पाय सरकतो. वर सातवीतली एक मुलगी आधी जाऊन उभी राहणार, एक खाली धरणार, एक चढणार. टाकीत बुडवायच्या बांबूच्या काठीवर मुलींनी सेंटिमीटरच्या खुणा केल्या. खालच्या नळाने पंधरा लिटरच्या बादल्या भरत त्यांनी मोजलं, तर सहा बादल्यांना टाकीतलं पाणी दहा सेंटिमीटर उतरलं. म्हणजे एका सेंटिमीटरला नऊ लिटर. हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं. त्यांनीच शोधलं, म्हणून त्या आकड्याचा त्यांना फार अभिमान.

आता शुभांगीची गोष्ट सांगते. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये ती पाचवीत आली. ईट गावाच्या पलीकडच्या एका वस्तीवरची. वस्तीवरची शाळा चौथीपर्यंतच. शेजारच्या गावात मुलामुलींची शाळा होती, तिथे पायी जाता आलं असतं. इथे यायचं तर एसटीने तास जातो. तिचे वडील उत्तरेश्वर नाव घालायला आले, तेव्हा मागच्या भिंतीशी, माझ्याजवळ उभे राहून मॅडमना म्हणाले, "लांब पडतंय, पण पोरींचीच शाळा हाय. पोरगी निवांत एका जागी बसंल. दिवाळीपर्यंत बघू. न्हाय जमलं तर शेजारच्या गावात घालतो." शुभांगी त्यांच्या मागे उभी होती. तिला इथेच राहायचं होतं, हे तिच्या चुळबुळणाऱ्या पायांवरून मला कळलं.

पहिल्या आठवड्यात तिची पाण्याची बाटली जशीच्या तशी भरलेली घरी जायची. दुसऱ्या आठवड्यात ती अर्धी झाली, तिसऱ्यात रिकामी. मॅडम अशा गोष्टी टिपतात. नळाला पाणी आहे आणि दाराला आतून कडी आहे, याची खात्री पटली की मुली पाणी प्यायला लागतात.

मग टाकी मोजायच्या पाळीच्या यादीत तिचं नाव आलं. "शुभांगी, आज तू," मॅडम म्हणाल्या. तिने ओढणी कमरेला खोचली, तरातरा आली, वाकली, माझे दोन्ही दांडे घट्ट पकडले आणि पाय माझ्या पायाशी रोवला. पकड अगदी पक्की. आणि तशीच उभी राहिली.

"चढ की गं," शेजारची तबस्सुम म्हणाली.

"कोण?"

"तू!"

"मी धरलीय ना. चढाया पोराला बोलवा कुणाला तरी."

तबस्सुमने मैदानाकडे हात केला. "जा, शोध. घावला तर मलाबी दाखव."

सगळ्या खो खो हसल्या. वर उभी असलेली सातवीतली राजनंदिनी तर छतावरच बसली. शुभांगी रडवेली झाली. मला मात्र हसू आलं नाही. इथे आले त्या दिवशी मीही हीच चूक केली होती.

त्या दिवशी ती चौथ्या पायरीपर्यंत गेली आणि तिथेच मला मिठी मारून थांबली. तळपाय घामाने ओले. "उतरायचं?" मॅडमनी विचारलं. "हां." "उतर. उद्या पाचवी." दुसऱ्या दिवशी पाचवी, मग सहावी. आठव्या दिवशी ती छतावर पोहोचली आणि वरून ओरडली, "तबस्सुम, बालाघाटाचा डोंगर दिसतोय गं! आमच्या वस्तीमागचा!" त्यानंतर तिच्या तळपायांना पुन्हा तसा घाम आला नाही.

मित्रांनो, या शाळेतल्या मुली काही देवदूत नाहीत. कट्टी घेतात, एकमेकींना नावं ठेवतात, कबड्डीत ओरबाडतात. पण ट्यूबलाइट बसवायची असो की जड बाक हलवायचा असो, 'हे आपलं काम नाही' असं त्यांना वाटतच नाही. दहा ते तेरा वर्षांच्या वयात ही सवय लागते किंवा सुटते, असं माझं निरीक्षण आहे.

दिवाळीच्या सुट्टीला चार दिवस उरले होते. एसटीच्या पासच्या अर्जावर सही करायला उत्तरेश्वर शाळेत आले. कुणीतरी सांगितलं, शुभांगी मागे आहे. ते मागे आले, तेव्हा त्यांची मुलगी माझ्या नवव्या पायरीवर होती.

"शुभे!"

ती दचकली. तिची बोटं माझ्यावर घट्ट झाली. त्याच वेळी मला आणखी एक काळजी होती. माझी पाचवी पायरी पावसाळ्यात सांध्यातून थोडी सैल झाली होती. फार नाही, केसभर. ते अजून कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, आणि मला बोलता येत नाही.

"भाऊ, आता ओरडू नका," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "ती खाली येईपर्यंत काही बोलू नका."

उत्तरेश्वर धावत आले आणि माझे दांडे दोन्ही हातांनी पकडले. तबस्सुम बाजूला सरकली, पण गेली नाही. "काका, असं न्हाय. पाय हितं लावा, शिडीच्या पायाला. हां, आता हलणार न्हाय."

मला वाटलं, शुभांगी आता उतरेल. तिने खाली पाहिलं. "पप्पा, नीट धरा हं," ती म्हणाली, "मी मोजून येते." आणि दहावी पायरी चढली, छतावर गेली. टाकीचं झाकण सरकल्याचा आवाज आला. "बावन्न!"

"चारशे अडुसष्ट लिटर," तबस्सुमने वहीत लिहिलं. "रोजचे तीनशे. उद्या दुपारच्या सुट्टीपर्यंत पुरंल. मॅडम, मोटार आजच लावावी लागंल."

शुभांगी उतरली. तिचा पाय जमिनीला लागल्यावरच उत्तरेश्वरांनी हात सोडले, आणि मग त्यांचा आवाज चढला. "आमी पोरगी शाळंत घातली बाई, गच्चीवर न्हाय! पोरींची शाळा म्हणून घातली. पडली असती तर? मला दाखला द्या हिचा. सुट्टीनंतर हिकडं यायची न्हाय ही."

शुभांगीच्या हातात अजून ओली काठी होती.

"घरी गोठ्याच्या माळ्यावर कडबा तुमी चढवता तवा मीच शिडी धरते की," ती म्हणाली. "तवा म्हणत न्हाय पडंल म्हणून."

"ते मी चढतो. तू न्हाय."

"मग मी कधी चढायचं?"

उत्तरेश्वरांनी वर छताकडे पाहिलं. "भ्या न्हाय वाटलं तुला?"

"वाटलं की. पहिल्यांदा चौथ्या पायरीवरच अडकले हुते."

"मग?"

"मग काय. दुसरं कुणी चढायला येईचना."

तबस्सुमला हसू फुटलं, तिने वही तोंडावर धरली. उत्तरेश्वर मुलीकडून माझ्याकडे वळले. मग, रागावलेल्या माणसाला हात कुठे ठेवावेत ते कळत नाही तसा, त्यांनी एक हात माझ्यावर टेकवला. नेमका पाचव्या पायरीवर. कुऱ्हाडीचे, खोऱ्याचे दांडे घरी स्वतः बसवणारा माणूस तो. त्यांनी पायरी हलवून पाहिली, पुन्हा हलवली.

"ही हलतीया," ते म्हणाले. "हिच्यावर चढवता व्हय लेकरं?"

मॅडमनी हात लावून पाहिला. त्यांचा चेहरा उतरला. "चूक झाली. हे आम्ही बघायला हवं होतं."

"खोबण झिजलीय. खिळा मारून भागायचं न्हाय, पायरीच नवी लागंल. बाभळीचा दांडा हाय घरी वाळलेला." त्यांनी वितीने लांबी मोजली, दोनदा. "शनिवारी बसवून देतो. तवर कुणाला चढू देऊ नका हिच्यावर."

'तवर.' तो एक शब्द मी ऐकला, मॅडमनीही ऐकला. शुभांगीनेही ऐकला.

"आणि दाखला?" मॅडमनी विचारलं.

उत्तरेश्वरांनी खिशातून पेन काढलं. "ते पासवर सही कुठं करायची, ते सांगा आधी."

ते शनिवारी आले. नवी पायरी ठोकली आणि तिच्यावर स्वतः उभे राहिले. सुट्टीनंतर शुभांगी एसटीतून उतरली, आणि तेव्हापासून उतरतेच आहे. आता ती सातवीत आहे. नव्या मुली टाकी मोजायला येतात तेव्हा छतावर आधी जाऊन तीच उभी राहते.

पुढच्या वर्षी या शाळेतही जिना होणार, असं ऐकते. मग मला आणखी कुठे तरी पाठवतील, कदाचित मुलं-मुली एकत्र शिकतात अशा शाळेत. मला तिथे जायला आवडेल. माझं मागणं फार नाही. मला उन्हापावसात उभी ठेवू नका. वर्षातून एकदा तेल द्या, आणि महिन्यातून एकदा प्रत्येक पायरी हाताने हलवून पाहा. सैल पायरी स्वतः बोलत नाही.

आणि एक विनंती. मुलग्यांनो, शिडी धरणं हेसुद्धा मोठं काम आहे, ते तुम्हालाही यायला हवं. म्हणून फळ्यावर पाळी लिहून ठेवा. आज जो चढला त्याने उद्या धरावी, आणि आज जिने धरली तिने उद्या चढावं. पहिल्यांदा ती चौथ्या पायरीवर थांबेल. थांबू द्या. खालून हसू नका, घाई करू नका. फक्त नीट धरून उभे राहा.