पत्र्याच्या होडीची फेरी

किल्ला बघायला चाललोय, असं कंडक्टरबाईंनी शेजारीपाजारी सांगितलं होतं. साफ खोटं! किल्ल्याशी त्यांना काय घेणंदेणं? त्यांना बघायचं होतं नवऱ्याचं हसू. दोघांचा जन्म एकाच बसवर गेला, तो पुढे स्टिअरिंगवर आणि ती मागे तिकिटांवर. मग ड्रायव्हरसाहेबांची नजर अधू झाली, लायसन गेलं, आणि त्यांनी कशालाही हात लावायचं सोडलं. साधी सायकलसुद्धा नको. आज त्यांना काहीतरी चालवायला लावायचंच, असा बाईंनी पण केला होता.

तटबंदीवर साहेब नुसते जांभया देत फिरले. "एक दगड बघितला की सगळे बघितले," म्हणाले.

तटाखाली नदी होती आणि भाड्याच्या होड्या होत्या. बाई कुणाला न विचारता एका पत्र्याच्या होडीत मागे जाऊन बसल्या. होडीवालीने साहेबांना जाकीट चढवलं, पुढे बसवलं, हातात वल्हं दिलं. साहेब ढिम्म.

"अगं, मला लांबचं दिसत नाही."

हे त्यांनी आजवर डॉक्टरसमोरही धड कबूल केलं नव्हतं. 

"मला दिसतं ना! मी मागून सांगते. चला."

पण नुसतं 'चला' म्हटल्यावर कुठला ड्रायव्हर हलतो? बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्यांनी बोटातली अंगठी पत्र्यावर आपटली. टण टण!

डबल बेल! साहेबांना विचार करायलाही सवड मिळाली नाही. वल्हं पाण्यात गेलं आणि होडी निघाली.

"उजवीकडे दगड! आता डावीकडे घ्या!"

होडी सुसाट सुटली. अगदी जवळच, बुरुजाखालच्या घाटावर एक गाईड पर्यटकांना जुनी लढाई सांगत होता. वरची खिडकी दाखवायला त्याने हात वर केला मात्र, साहेबांनी होडी घाटाला नेऊन लावली. हात दिसला की थांबायचं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं.

"गाडी फुल्ल आहे!" बाई ओरडल्या. "मागची रिकामी येतेय!"

लढाई राहिली बाजूला, पर्यटक खो खो हसायला लागले. टण टण!

पुढे नदी उताराला लागली. होडी गरकन फिरली, दोघं चिंब भिजले.

"अहो, ब्रेक मारा, ब्रेक!"

"याला ब्रेक कुठून आणू, बाई?" असं म्हणून साहेब जे हसत सुटले, ते थांबेनातच. बाईंना आनंदाचं असं भरतं आलं, की पुढची वाळू सांगायची राहूनच गेली आणि होडी फुसकन तिच्यावर चढली.

होडीवाली धावत आली. तिच्यामागे दुसरं गिऱ्हाईक उभं होतं. "वेळ झाली, काका. वल्हं द्या."

साहेबांनी वल्हं छातीशी घट्ट धरलं.

"माझी ड्युटी अजून संपलेली नाही," ते म्हणाले. आणि मागे वळून बायकोला म्हणाले, "नीट धरून बस."