कोकिळेच्या आधीचा घास

कोकिळा बोलल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही, असं दुर्गाबाईंचं व्रत. त्यांचे पती कमलाकांत संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले, तेव्हा ते सुखरूप घरी यावेत म्हणून दुर्गाबाईंनी आषाढी पौर्णिमेपासून कोकिळाव्रत धरलं. गिरगावात मागच्या आंब्यावर रोज बोलणारी कोकिळा झडीच्या पावसात गप्प झाली. काल सबंध दिवस दुर्गाबाई नुसत्या पाण्यावर राहिल्या.

"दादा सुटून आला की माझीच मान धरील, वहिनी. चला," म्हणत मनमोहन, त्यांचा धाकटा दीर, आज त्यांना बोरिवलीच्या कृष्णगिरी उपवनात घेऊन आला. त्याला पाखरांचा नाद. आपल्या वाडीत कुणाला हे रान ठाऊकही नाही, याचाच त्याला मोठा अभिमान.

ओढ्यापलीकडे भेकर चरत होतं. दुर्गाबाईंनी मनमोहनची दुर्बीण डोळ्यांना लावली, तर ते इतकं जवळ आलं की त्यांनी दचकून पाय मागे घेतला आणि हसल्या. लगेच मनाला लागलं. ते कोठडीत, आणि आपण इथे रान बघत हसतोय.

"गातो तो नर बरं का, वहिनी. मादी नुसती किचकिचते."

"व्रताच्या गोष्टीत नर-मादी काढू नका हो, भावोजी. गौरीचं रूप आहे ते."

"बरं बरं. गौरीबाईंना शोधून आणतो. तुम्ही डबा उघडून बसा."

तो बांबूच्या बेटाआड गेला. दुपार टळली होती. डब्यातल्या दहीभाताच्या वासाने दुर्गाबाईंना गरगरायला लागलं.

"कुऽहू!"

त्यांनी हात जोडले, आणि जोडलेले हात तसेच राहिले. शेवटच्या सुराला श्वास फुटला होता. वरून चावी टाका म्हणून भावोजी गल्लीतून घालतात तीच ही शीळ. पुन्हा आली, "कुऽहू!" दुर्गाबाईंनी डोळे मिटून घेतले, गौरीचं नाव घेतलं आणि घास तोंडात घातला.

तेवढ्यात ओढ्यापलीकडच्या उंबरावरून उत्तर आलं. स्वच्छ, चढत जाणारं. एकदा, दोनदा, मग थांबेचना.

मनमोहन धावतच बाहेर आला. "ऐकलंत? बोलली की नाही! आता पोटभर जेवा."

घास गिळवेना. अन्न थुंकायचं तरी कसं? कसाबसा गिळून त्यांनी डब्याला झाकण लावलं.

"अहो, बोलतेय अजून!"

"बोलतेय हो. मी तिच्या आधीच जेवले."

मनमोहनचा चेहरा उतरला. "म्हणजे तुम्हाला कळलं होतं? वहिनी, पाप माझं. मी फसवलं तुम्हाला."

"तुम्ही मला फसवायला बघितलंत," त्या हळूच म्हणाल्या, "मी तिला."

उंबराकडे बघायचं त्यांना धाडस झालं नाही. तिकडे पाठ करूनच त्यांनी नमस्कार केला आणि पायवाटेला लागल्या. कोकिळा मागून बोलतच होती.