दोन सूत

आधीचा झोपाळा लोखंडी नळ्यांचा होता. दुकानातून खोक्यात आला आणि आठव्या दिवशी टिकलीसकट उलटला. टिकलीचा हात मोडला. हाड जुळलं, पण सहा वर्षांची ती मुलगी पुन्हा परसात पाऊल टाकेना. या वेळी वडिलांनी सुताराला बोलावलं.

"परत पडली तर तिला घेऊन मी माहेरी जाईन," बायकोने बजावलं. "मग बस एकटाच झोके घेत."

सुताराने सागाचे खांब बोटाच्या पेराने वाजवून पाहिले. दोन बद्द वाजले, ते परत पाठवले. खांब तीन फूट जमिनीत, बुडाला डांबर, वर बारा फुटांची चार इंची तुळई. आकडे तो लिहीत नसे. टिकलीला दारात उभं करून त्याने गुडघ्यामागे पट्टी धरली आणि पेन्सिलीने खूण केली. त्या उंचीवर फळी टांगली की पाय जमिनीला टेकतात.

सहाव्या दिवशी तुळईला दोन फळ्या लटकत होत्या.

"दुसरी कुणाला?"

"धाकटीला." सुताराने पट्टी पुढे केली. तिच्यावर दोन खुणा होत्या, दुसरी चार बोटं खाली.

"काका, मला एकच मुलगी आहे."

"चेष्टा करता काय साहेब? दोघी दारात उभ्या होत्या. धाकटी तोंडातून अवाक्षर काढत नव्हती, एवढंच."

"चष्मा बदला आता."

"बदलतो. पण फळी राहू द्या, शेजारची पोरं येतील. फक्त एका फळीवर एकच मूल. दोघं बसली तर साखळीची वरची कडी उघडेल."

मग त्याने तुळईखाली या खांबापासून त्या खांबापर्यंत दोरा ताणला आणि टिकलीच्या वजनाचं वाळूचं पोतं तिच्या फळीवर ठेवलं. तुळई दोऱ्याकडे किंचित झुकली. त्याने पट्टी लावली.

"दोन सूत?" तो पुटपुटला. "एकच यायला हवं."

इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. त्याने पोतं काढलं. तुळई एक सूत वर गेली आणि तिथेच थांबली.

वारा नव्हता. टिकलीच्या फळीच्या साखळ्या सैल डुलत होत्या. दुसऱ्या फळीच्या ताठ होत्या.

"लाकूड ओलं असेल," सुतार म्हणाला. दोन वर्षं वाळवलेलं आहे, हे त्यानेच सकाळी सांगितलं होतं. पिशवी भरून तो निघून गेला. पट्टी तिथेच राहिली.

स्वयंपाकघराच्या दारातून टिकली पाहत होती. "बाबा, ती असली तरच मी बसेन."

"कोण ती?"

टिकलीने हनुवटीने दुसरी फळी दाखवली.

वडिलांनी पान्हा आणला आणि दुसरी फळी उतरवली. तुळई सरळ झाली. त्यांनी पट्टी दोनदा लावून पाहिली.

"बघ, कुणी नाही. ये."

किती महिन्यांनी टिकली उंबरा ओलांडून आली. फळीवर बसली आणि डावीकडे सरकली, हातभर जागा सोडून.

"नीट धर गं," ती शेजारी बघून म्हणाली.

वडिलांनी दोऱ्याकडे पाहिलं. दोन सूत. डोक्यावर कडी करकरली. तिच्या जोडात नखाएवढी फट पडली होती, आणि ती वाढत होती.

त्यांनी टिकलीला उचलून बाजूला केलं. कडी पकडीत धरून आवळली. मग दुसरी फळी पुन्हा चढवली, पट्टीवरच्या खालच्या खुणेला जुळवून. शेवटचा नट बसताच तिच्या साखळ्या ताणल्या.

टिकली आपल्या फळीवर बसली. या वेळी मधोमध. कडी गप्प होती.

खिडकीतून बायकोने विचारलं, "पक्का आहे ना?"

"आहे," ते म्हणाले. "दोघींना पुरेल."