रकान्यातली आडवी रेघ

त्याने 'सध्याचा पगार' या रकान्यात पट्टीने मारावी तशी सरळ आडवी रेघ मारली, पेनाला टोपण लावलं आणि अर्ज टेबलावरून पुढे सरकवला.

नोकरभरतीच्या बाईंनी तो वरून खाली वाचला. वय एकोणपन्नास. वजनकाट्यांच्या दुरुस्तीचा अनुभव, बावीस वर्षं. रेघेपाशी त्यांचं बोट थांबलं.

"हे राहिलंय."

"राहिलं नाही मॅडम. सोडलंय."

"का बरं?"

"माझं काम बघा आणि काय तो पगार ठरवा. मागचं कशाला?"

वाक्य त्याचं नव्हतं, बायकोचं होतं. आठवडाभर ती गॅसपाशी उभी राहून नोकरभरतीची बाई व्हायची आणि तो दारात उमेदवार. "चाचरलात. पुन्हा म्हणा," असं ती कालथा रोखून सांगायची.

खरं तर आकडा लपवायचं त्याला शिकवावं लागत नव्हतं. लग्न ठरताना सासूने पगार विचारला, तेव्हा त्याने विषय तिच्या गुडघेदुखीवर नेला होता. सासू अजून गुडघ्यांवरच बोलत होती आणि जावई बड्या हुद्द्यावर आहे अशा समजुतीत सुखी होती. पण यंदा त्याची अक्कल गहाण पडली असावी. महिनाअखेर कारखाना बंद होणार म्हणून तो तीन ठिकाणी जाऊन आला आणि तिन्हीकडे खरा आकडा सांगून बसला. पहिल्या साहेबांना ठसका लागला. दुसऱ्यांनी तो पुन्हा विचारून घेतला. तिसरे जरा स्पष्टवक्ते होते. इतक्या कमी पगारावर जो बावीस वर्षं टिकतो, त्याच्यात काहीतरी खोट असणारच, असं त्यांनी त्याला हसतमुखाने सांगितलं.

ही चौथी जागा. पाचवी कुठे दिसत नव्हती.

बाईंनी मात्र रेघ फार मनाला लावून घेतली नाही. सकाळीच त्याच्यापुढे एक नाजूक काटा ठेवला होता, औषधं जोखायचा. दोन दिवस त्यांच्या माणसांनी त्या काट्यापुढे हात टेकले होते. याने आधी काट्याखालचं टेबल हलवून पाहिलं, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली आणि काटा सुतासारखा सरळ आला.

"साहेबांचा होकार आहे," बाई म्हणाल्या. "तुमच्या मालकांशी दोन शब्द बोलते, की झालं."

त्या अर्ज घेऊन काचेपलीकडच्या खोलीत गेल्या. याला आवाज येत नव्हता, पण बाई हसल्या, मान डोलावली, मग एकदम भुवया उंचावून काहीतरी लिहिलं, ते दिसलं. तेवढ्या वेळात त्याने मनातल्या मनात नव्या नोकरीचा डबासुद्धा भरून टाकला होता.

बाई परत आल्या. रेघेच्या वर पेन्सिलीने एक आकडा होता. त्याचा पगार तीनदा एकावर एक रचला असता, तरी त्या आकड्याच्या खांद्याला लागला नसता.

"मालक फारच छान बोलले हो. असा हात दुसरा नाही म्हणाले. बावीस वर्षांत कुणाचं एक गुंजभर वजन खोटं केलं नाही, असा प्रामाणिक माणूस." त्यांनी अर्ज मिटला. "पण एवढा पगार आम्हाला झेपायचा नाही. आमच्या मॅनेजरलाही एवढा नाही."

"मी कमीवर येईन."

"आज याल. चार महिन्यांनी मोठं बोलावणं आलं, की जाल. पोळलोय आम्ही."

त्याचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला. बायकोने दहादा बजावूनही पगाराची चिठ्ठी खिशातच राहिली होती, चार घड्या घातलेली.

"मॅडम, समजा, तो आकडा चुकीचा असला तर?"

बाईंनी चष्मा काढला.

"म्हणजे मालक खोटं बोलले? मग तुमच्या प्रामाणिकपणाचं जे म्हणाले, ते तरी कशावरून खरं धरू?"

चिठ्ठीची एक कड खिशाबाहेर आली होती. त्याने ती बोटाने परत आत ढकलली.

"नाही," तो म्हणाला. "मालक खोटं बोलत नाहीत."

कारखान्याच्या दारात मालक वाटच पाहत होते. निम्मी मांडणी रिकामी झाली होती, पण चहाचे दोन कप भरून तयार होते.

"अरे, फोन आला होता! काय विचारलं असेल? तुझा पगार!"

"काय सांगितलंत?"

"खरा सांगतो होय? बावीस वर्षं तुला काय दिलं, ते परक्या बाईला सांगायला जीभच उचलेना." मालकांनी नजर मांडणीवर नेली. "म्हटलं, जाता जाता एकदा तरी तुला बरा पगार द्यावा. मग? कधीपासून बोलावलंय?"

तो तोंड उघडणार एवढ्यात खिशातला फोन वाजला. बायको. तिचा आवाज मालकांनाही ऐकू जाईल इतका खणखणीत होता.

"काय हो, आकडा सांगितला नाहीत ना?"

"नाही," तो म्हणाला. "मी नाही सांगितला."

"मग झालं तर! आता घाबरायचं काही कारणच नाही."

त्याने फोन परत खिशात ठेवला. मालकांनी दोन्ही कप डोळ्यांच्या रेषेत धरले, आपल्यातला चहा थोडा त्याच्या कपात ओतला आणि दोन्ही अगदी सारखे झाल्यावर समाधानाने एक त्याच्या हातात दिला.