मोसेलेचा दुसरा गिअर

मी एक जुनी पिकअप आहे, मित्रांनो. माझा निळा रंग आता टपावरच काय तो उरला आहे. लेसोथोच्या डोंगरांत मी एकवीस वर्षं ट्रेलर ओढला. मक्याची पोती, लोकरीचे गठ्ठे, मेंढे, घरांचे पत्रे, एकदा तर चर्चची घंटासुद्धा.

कारखान्यात मला पाच गिअर मिळाले. पाचवा मोकळ्या, सपाट रस्त्यासाठी. आमच्या डोंगरात सपाट रस्ता शोधावा लागतो, पण माझा पहिला मालक त्लाली याला नेमका पाचवाच आवडायचा. माणूस दिलदार, सतत गाणारा, वाटेत कुणालाही बसवून घेणारा. मागे टनभर ओझं असलं तरी चढावर तो वरचाच गिअर धरून बसायचा. मी थरथरायचे, धापा टाकायचे, माझं पाणी उकळायचं. उतारावर तर तो गिअर काढूनच टाकायचा. म्हणायचा, डिझेल वाचतं. मग ट्रेलर मला मागून ढकलायचा आणि सगळा भार ब्रेकवर यायचा. घाटाखाली पोचेपर्यंत चाकांतून जळका वास सुटायचा आणि तापलेले ब्रेक नीट धरेनासे व्हायचे. त्लाली उतरून पाइप ओढत बसायचा आणि मलाच म्हणायचा, "म्हातारी झालीस तू!" तेव्हा मी नऊ वर्षांची होते.

पुढे त्याचा गुडघा धरला. क्लच दाबवेना. तेव्हा त्याची भाची मोसेले आली. ती सखल भागात धान्याचे ट्रक चालवायची. पहिल्याच दिवशी तिने रेडिओ बंद केला, काच खाली केली आणि माझा आवाज ऐकत राहिली. चढावर माझा आवाज घोगरा व्हायच्या आत तिचा हात खालच्या गिअरवर गेलेला असायचा. कितीतरी वर्षांनी मी धापा न टाकता खिंड चढले. खरं सांगते, त्या दिवशी मला नवी झाल्यासारखं वाटलं.

तिची खरी परीक्षा जूनमध्ये झाली. खिंडीपलीकडच्या गावातल्या बायका दळणासाठी डोक्यावर मका घेऊन दिवसभर चालत जायच्या आणि दुसऱ्या दिवशी परत यायच्या. त्यांनी मिळून एक लोखंडी गिरणी मागवली. ती ट्रेलरवर साखळदंडांनी बांधली. रस्ता आपल्याला पाठ आहे म्हणत त्लालीही शेजारी येऊन बसला.

खिंडीच्या माथ्यावर मोसेलेने मला थांबवलं. खाली उतरून साखळ्या ओढून पाहिल्या, ट्रेलरची जोडणी तपासली. मग परत बसून तिने दुसरा गिअर टाकला.

त्लाली हसला. "दुसरा? अगं पोरी, इथून म्हाताऱ्या बायकासुद्धा पळत उतरतात."

"पळू देत, मालोमे." मामाला आमच्याकडे मालोमे म्हणतात. "त्यांच्या पाठीमागे गिरणी नाहीये."

"चौथा टाक, चौथा! ब्रेक काय शोभेला दिलेत?"

"ब्रेक थांबायला दिलेत. सावकाश जायला गिअर आहे."

"गिरणी पोचेपर्यंत मका पुन्हा उगवेल बघ."

"उगवू दे. दळायला लागेलच की."

आम्ही उतरू लागलो. ट्रेलर ढकलायला बघायचा आणि माझं इंजिन त्याला घट्ट धरून ठेवायचं. मोसेलेचा पाय ब्रेकला अधूनमधून, जेमतेम लागायचा. त्लाली कंटाळून जांभया देत होता.

तिसऱ्या वळणावर अख्खा रस्ता घोड्यांनी भरला होता. लग्नाचं वऱ्हाड! घोंगड्या पांघरलेली पंचवीस-तीस माणसं गात येत होती आणि मधल्या घोड्यावर नवरी होती. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी. त्लालीने दोन्ही हातांनी समोरची फळी धरली. मोसेलेने शांतपणे ब्रेक दाबला. थंड होता तो, लगेच धरला. पहिल्या घोड्यापासून चार हातांवर मी उभी राहिले. घोड्याने नुसते कान हलवले.

पुढचा म्हातारा ओरडला, "म्मे, लग्नाला यायचं होतं तर आधी निरोप तरी धाडायचा!"

"निरोप कसला, न्ताते! आहेर म्हणून गिरणीच आणलीय!" मोसेले म्हणाली. आमच्याकडे मानाने बाईला म्मे आणि पुरुषाला न्ताते म्हणतात.

वऱ्हाड हसलं आणि गात गात आमच्या कडेने एकेरी निघून गेलं. त्लाली लंगडत खाली उतरला. त्याने माझ्या पुढच्या चाकावर तळहात टेकवला.

"गार आहे," परत बसत तो म्हणाला. "चौथ्यात असतो तर..."

थोड्या वेळाने त्याने हळूच विचारलं, "मोसेले, चढावर गिअर कधी बदलायचा, हे तुला आवाजावरून कळतं?"

"हो, मालोमे. काच खाली करा, तुम्हालाही ऐकू येईल."

त्याने काच खाली केली.

त्या दुपारी गावात पहिलं पीठ पडलं. बायकांनी आनंदाने किलकाऱ्या मारल्या. दुसरा गिअर टाकायचा सल्ला आपलाच होता, असं त्लाली ज्याला त्याला सांगत होता. मोसेले पिठाने पांढरी होऊन हसत होती.

पुढे माझं इंजिन संपलं. दोन वर्षं मी एका शेडमागे पडून होते. सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. एके सकाळी मोसेलेने येऊन कोंबड्या हाकलल्या आणि मला धुऊन काढलं. ती आता नव्या चालकांना शिकवते. माझा गिअरबॉक्स अजून शाबूत आहे. मुलं-मुली माझ्यात बसून क्लच दाबतात, गिअर टाकतात, आणि ती दाराला टेकून एकेक चढउतार सांगत जाते.

मित्रांनो, उद्या तुम्हीही गाडी चालवाल. मागे ओझं असेल तर उताराच्या तोंडाशीच खालचा गिअर टाका. निम्म्या उतारावर तो शोधत बसू नका. लोक हसतील, मागून हॉर्न वाजवतील, वाजवू देत. वळणापलीकडून कोण गात येतंय, ते तुम्हाला इकडून दिसत नसतं.