अर्धा सूर खाली

बोलतेय मी, ठाकूरद्वारच्या चाळीतल्या दोन खोल्यांमधली एक जुनी रेकॉर्ड. माझ्यात हार्पसिकॉर्ड वाजतं. पियानोच्या आधीचं वाद्य. पट्टी दाबली की आत तार छेडली जाते. वाजवणाऱ्याने मुद्दाम तीनशे वर्षांपूर्वीचं वाद्य घेतलं, तेव्हाच्यासारखंच सुरात लावलं आणि मला घडवलं.

रघुवीररावांनी मला फुटपाथवरून उचललं ते कव्हरवरच्या चित्रावर भाळून. त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई वाडीतल्या भजनाला पेटीची साथ करायच्या. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "अहो, ही अर्धा सूर खाली वाजतेय. तुमचा प्लेयर मंद आहे."

"प्लेयर नवा आहे गं."

"मग नवाच मंद आहे."

प्लेयरला वेग कमीजास्त करायचा खटका होता. पेटीशी माझा सूर जुळेपर्यंत त्यांनी तो सरकवला आणि तिथे नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. तेव्हापासून मी जरा घाईतच जगले. माझ्यातली एक संथ गत त्यांनी ऐकून ऐकून पेटीवर बसवली. दिवा लागला की आम्ही दोघी वाजायचो आणि रघुवीरराव त्यांच्या बोटांकडे बघत बसायचे.

त्या गेल्या. रघुवीररावांना सुरातलं काही कळत नाही, पण कुठलं बोट कुठे पडायचं ते पाठ होतं. ते रोज माझ्याबरोबर तीच गत वाजवू लागले. अडखळत, चुकत. मला थांबता येत नाही. तेच धापा टाकत मला गाठायचे.

मग नवी सून ऋता आणि नवा प्लेयर एकाच आठवड्यात घरात आले. दोघांनाही कुठे ठेवायचं, हा सगळ्यांनाच प्रश्न. प्लेयर मुलाने, राजसने, बाबांसाठी हौसेने आणलेला. जुना त्याने भंगारवाल्याला देऊन टाकला. नव्याला वेगाचा खटका नव्हता.

त्या संध्याकाळी कित्येक वर्षांनी मी माझ्या मूळ सुरात वाजले. रघुवीररावांनी पेटीवर बोटं ठेवली आणि चटका बसल्यासारखी उचलली.

"राजस, आजारी वाटतेय रे ही. बंद कर."

ऋता कमी बोलते, पण हाती येईल ते वाचते. माझं कव्हर वाचून ती हळूच म्हणाली, "बाबा, ही अशीच आहे. तेव्हा वाद्यं अर्धा सूर खालीच लावायचे, असं लिहिलंय."

"म्हणजे सरू चुकली?"

राजस प्लेयरची वायर नीट करू लागला. ती नीटच होती.

"नाही बाबा. आईंनी बरोब्बर ऐकलं. अर्धाच सूर. आळ तेवढा बिचाऱ्या प्लेयरवर आला," ऋता म्हणाली.

ते हसले. पेटी मात्र मिटली. ऋताने सगळी बोटं एकेक पट्टी डावीकडे सरकवून दाखवली. "तिची बोटं तिथे नसायची," एवढंच ते म्हणाले. राजसने मोबाइलवर दुसऱ्या कुणी वाजवलेली तीच गत वेग वाढवून लावली. रघुवीरराव म्हणाले, "ही आपली नव्हे. आपलीला मध्ये चरा आहे. तिथे ती भाता सोडून माझ्याकडे बघायची."

आता राजस आणि ऋता दर शुक्रवारी ऑफिसआधी चोरबाजारात जाऊन जुने प्लेयर उलटेपालटे करून बघतात. लग्नानंतरचं त्यांचं फिरणं ते एवढंच. हात काळे करून परत येतात. पेटी कपाटावर गेलीय, मी तिच्याखाली, कव्हरात. माझा खरा सूर मला मिळाला, आणि कुणी मला लावत नाही.

तुमच्या हाती कधी जुना प्लेयर आला आणि खटक्याशी लाल ठिपका दिसला, तर तो खरवडू नका. ठाकूरद्वारला दिवा लागला की एक म्हातारा अजून मांडीवर बोटं फिरवतो. सगळी जागच्या जागी पडतात. आवाज तेवढा येत नाही.