सोमवारची किल्ली

आमच्या कंपनीच्या प्रत्येक डबीच्या झाकणावर सोनेरी अक्षरांत एक ओळ छापलेली असे: 'साठ वर्षांत एकदाही न चुकलेली वेळ.' डबीत घड्याळ असो, अंगठी असो की कानातले, ओळ तीच. अंगठीचा वेळेशी काय संबंध, असे विचारायची तिथे पद्धत नव्हती.

कंपनी म्हणजे खरे तर एक मोठे दुकान. डावीकडे घड्याळे, उजवीकडे दागिने, मागे दुरुस्तीची खोली. पण कुणी दुकान म्हटले की मालकांच्या कपाळाला आठ्या पडत. मी दागिन्यांच्या बाजूला कोरकाम करत असे. अंगठीच्या आत नावे, घड्याळाच्या पाठीवर तारखा. लोक प्रेमात नाव कोरून घेत आणि भांडण झाले की तेच घासून काढायला आणत. दोन्ही कामे माझ्याकडेच.

दालनाच्या मधोमध, समोरच्या भिंतीला लागून, मालकांच्या आजोबांचे लंबकाचे घड्याळ उभे होते. माणसापेक्षा उंच, पुढे काचेचे दार. साठ वर्षांत न चुकलेले ते हेच. त्याच्या दाराची आणि किल्ली देण्याची, अशा दोन्ही चाव्या मालक गळ्यातल्या साखळीत घालून हिंडत, जणू आत राज्य कोंडून ठेवले आहे. दर सोमवारी सकाळी साडेनऊला आम्ही सगळ्यांनी आपापल्या जागी उभे राहायचे. मालक त्यांच्या खोलीतून संथ पावलांनी यायचे, काचेचे दार उघडायचे, आमच्याकडे पाठ करून किल्ली द्यायचे. तेवढा वेळ खोकलासुद्धा गिळायचा.

त्यांच्या मागे दोन पावलांवर मुख्य विक्रेता उभा असे. त्याला आम्ही प्रतिध्वनी म्हणत असू, कारण मालकांच्या वाक्यातला शेवटचा शब्द तो पुन्हा म्हणे. "आजोबांची दूरदृष्टी," असे मालक म्हणाले, की हा मान हलवत म्हणे, "दूरदृष्टी." या एका गुणावर त्याने तिथे वीस वर्षे काढली होती.

मागच्या खोलीत माझा मामा बसे. मला तिथे चिकटवले त्यानेच. घड्याळ दुरुस्त करणारे शहरात पुष्कळ होते, पण दुरुस्त झालेल्या घड्याळाची चाल बरोबर लावणारा मामासारखा हात नव्हता. त्याची पद्धत ठरलेली. सोमवारी किल्ली दिली गेली की तो फळीवरच्या खिळ्यांना घड्याळे टांगे आणि आजोबांच्या घड्याळाशी सगळी जुळवून घेई. मग रोज सकाळी ताडून पाही, वहीत लिही, केसाएवढी चाल पुढेमागे करी. शनिवारी संध्याकाळपर्यंत सगळी त्या घड्याळाच्या पावलावर पाऊल टाकून चालू लागत. मग फळी रिकामी करायची. रविवारी सुट्टी. मामाच्या स्वतःच्या मनगटावर घड्याळ नसे. शिंप्याचा सदरा नेहमी उसवलेला, तसेच.

मी तिथे लागून दुसरे वर्ष चालू होते, तेव्हा इस्पितळाकडून परिचारिकांसाठी चोवीस घड्याळांचे मोठे काम आले. मामाने ती आठवड्याला आठ अशी तीन आठवड्यांत लावली, मी प्रत्येक घड्याळाच्या पाठीवर क्रमांक कोरला. महिनाभराने चोवीसच्या चोवीस परत आली. मागे पडतात, अशी चिठ्ठी.

साध्या गिऱ्हाईकांच्या तक्रारी त्या वर्षी आधीही आल्या होत्या. प्रतिध्वनी त्यांना सांगे, की तुमचे मनगट फार गरम आहे, त्याला घड्याळ काय करणार? बिचारी माणसे आपले मनगट चाचपत घरी जात. पण परिचारिकांची चोवीस मनगटे एकाच वेळी गरम निघाली, हे इस्पितळाला पटवणे त्यालाही जमेना.

मालकांनी मामाला खोलीत बोलावले. येत्या सोमवारी इस्पितळातल्या परिचारिकांच्या प्रमुख, मेट्रनबाई, स्वतः येणार होत्या. त्यांच्यासमोर आणि सगळ्या दालनासमोर मामाने माफी मागायची. म्हातारपणामुळे हात चुकला, असे स्वतःच्या तोंडाने सांगायचे. मंगळवारपासून माळ्यावर डब्या भरायला जायचे. एकतीस वर्षांचा त्याचा बाक दुसऱ्या कुणाला तरी मिळणार होता.

रविवारी मी मामाच्या घरी गेले. मामी स्वयंपाकघरात भांडी गरजेपेक्षा जोरात ठेवत होती. मामा इस्पितळाची यादी समोर घेऊन बसला होता. कुठल्या क्रमांकाचे घड्याळ आठवड्याला किती मागे, ते परिचारिकांनी नीट लिहिले होते. तीन मिनिटे. तीन मिनिटे दोन सेकंद. दोन मिनिटे अठ्ठावन्न. पुन्हा तीन.

"बघ," तो म्हणाला. "म्हातारा हात चुकला तर एक पुढे जाईल, एक मागे पडेल, एखादं बंद पडेल. चुकणाऱ्या माणसाला चोवीस वेळा सारखं चुकता येत नाही, पोरी. ही चूक हाताची नाही. ज्याला बघून लावली, त्याची आहे."

पुढे मी मुलांना शिकवू लागले, तेव्हा हे वाक्य मला जन्मभर पुरले. सगळ्या वर्गाच्या पाट्यांवर एकच चुकीचे उत्तर आले, तर पोरांचे कान धरू नयेत. आधी वळून फळा बघावा.

मामाला आठवले, की आदल्या वर्षी दालनात नवी फरशी बसवताना ते घड्याळ दोन महिने आडवे पडून होते. लंबकाच्या गोळ्याखाली एक नट असतो. तो हलला असणार, गोळा जरा खाली उतरला असणार, की चाल मंदावली. पण मग घड्याळ दर आठवड्याला तीन मिनिटे मागे पडत गेले असते आणि एव्हाना आंधळ्यालाही कळले असते. तो अडला होता इथे.

मी मात्र अडले नाही, कारण मी ते पाहिले होते. दागिन्यांच्या बाजूला, घड्याळाच्या भिंतीकडच्या टोकाला, गिऱ्हाईक बायांना कानातले बघायला एक गोल आरसा असे, दांड्यावर फिरणारा. दोन सोमवारांपूर्वी तो कुणीतरी वाकडा ठेवला होता आणि मालकांच्या रुंद पाठीपलीकडची तबकडी मला त्यात दिसली होती. किल्ली देऊन झाल्यावर मालकांनी मिनिटकाटा बोटाने हळूच पुढे सरकवला होता. मी समजले, धूळ पुसत असतील. आता कळले, की सोमवारी यायच्या आधी ते दार लावून रेडिओवरचे वेळेचे टोले का ऐकतात. म्हणजे घड्याळ मागे पडते हे त्यांना ठाऊक होते. नट अर्धा आटा वर फिरवला की काम झाले असते. पण त्यासाठी कारागीर बोलवावा लागला असता आणि साठ वर्षांची ओळ एका माणसाच्या देखत खोटी पडली असती. त्यापेक्षा शहरभरची घड्याळे मागे पडलेली परवडली.

हे सगळे मी मामाला सांगितले. त्याला मालकांचा राग आला नाही, स्वतःचाच आला. चाल लावणाऱ्याने मापच तपासले नाही, म्हणजे मीही त्या सोमवारच्या रांगेत मान खाली घालून उभाच होतो, असे म्हणाला. आत भांडी थांबली होती.

"मग उद्या सांग ना सगळ्यांसमोर," मी म्हटले.

"मी सांगितलं तर ती सबब होईल. बाक वाचवायला म्हातारा बोंबलतोय, म्हणतील. बघणाऱ्याने स्वतः बघायला हवं."

सोमवारी मेट्रनबाई सव्वानऊलाच आल्या. उंच, सुती साडीतल्या. चोवीस घड्याळांचा खोका त्यांनी स्वतः उचलून आणला होता. मालकांनी त्यांना दागिन्यांच्या बाजूला, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसवले आणि आधी आमची किल्ली बघा म्हणाले. कंपनीच्या शिस्तीचा त्यांच्यावर ठसा उमटावा, हा हेतू. मामा मागच्या दारात उभा होता. त्याने त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घातला होता.

मालक वळले. पाठ आमच्याकडे झाली. मी फडके घेऊन आरसा पुसू लागले आणि पुसता पुसता तो बाईंच्या डोळ्यांसमोर येईल इतका फिरवला. एवढेच मी केले. बाईंनी आधी स्वतःचा पदर नीट केला, मग त्यांची नजर आरशात अडकली ती तिथेच राहिली.

काचेचे दार लागले. मालकांनी हात मागे बांधून भाषण सुरू केले. आजोबा, साठ वर्षे, अचूकता. "अचूकता," प्रतिध्वनी म्हणाला. मग मालकांनी दुःखी चेहरा करून मामाकडे हात केला. आमच्या जुन्या माणसाला काही सांगायचे आहे, म्हणाले.

मामाने तोंड उघडण्याआधी बाईंनी खोका टेबलावर ठेवला.

"एक विचारते," त्या शांतपणे म्हणाल्या. "आमच्या चोवीस जणींनीसुद्धा दर सोमवारी काटा असाच बोटाने पुढे ढकलायचा का?"

मालक म्हणाले, की ते धूळ पुसत होते. "धूळ," प्रतिध्वनी म्हणाला आणि जन्मात पहिल्यांदा आपण काय म्हणालो याचा विचार करताना दिसला.

बाई फार बोलल्या नाहीत. घड्याळे पुन्हा लावून हवीत, याच माणसाकडून हवीत आणि इस्पितळाच्या घड्याळाशी जुळवून हवीत, नाहीतर सगळीच्या सगळी ठेवून घ्या, एवढे सांगून त्या गेल्या. माफीचे कुणी नाव काढले नाही. मामा वळला आणि आपल्या बाकावर जाऊन बसला. माळ्यावर कुणी गेले नाही.

मालक सुधारले, असे तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही मालक पाहिलेले नाहीत. आजोबांच्या घड्याळाचा नट त्यांनी फिरवू दिला नाही. मामाने खणात एक स्वस्तातले गजराचे घड्याळ ठेवले, ते तो रोज रेडिओवर लावून आणी आणि फळीवरची सगळी घड्याळे गुपचूप त्याच्याशी जुळवी. अशा रीतीने शहराला खरी वेळ मिळू लागली आणि डबीवरची ओळ डबीवरच राहिली. प्रतिध्वनीने गरम मनगटांचे सांगणे बंद केले, कारण विचारायलाच कुणी येईना.

मालकांनी फक्त एक बदल केला. माझ्याकडे पितळेची पट्टी पाठवली, आजोबांच्या घड्याळावर ठोकण्यासाठी. मजकूर त्यांनी स्वतः लिहिला होता: 'या घड्याळास कोणीही हात लावू नये.'

मी ती कोरत असताना मामा चहाचा पेला घेऊन मागे येऊन उभा राहिला. भिंग डोळ्याला लावून त्याने अक्षरे तपासली.

"जरा खोल कोर," तो म्हणाला. "आणि लावताना आतल्या बाजूने लाव, तबकडीजवळ. बाहेर लावलीस तर ज्याला वाचायला हवी त्याला दिसायची नाही."